घोडेस्वाराने आपली कंबर कुणाच्या हाती द्यावी?

घोड्यावरून उतरल्यावर एक हात जिनावर आणि दुसरा कंबरेवर ठेवून जे क्षणभर तसेच उभे राहतात, त्यांना मी लांबूनही ओळखते. इंदूरमध्ये मी वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे, आणि त्यातली बारा वर्षं आठवड्यातल्या तीन सकाळी स्वतःही घोड्यावर बसते. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याचा खेळ) संघाने सुवर्णपदक मिळवलं, आणि त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. त्यानंतर मुलांना शिकायला घेऊन येणारे आई-वडील वाढले, आणि मुलांकडे बघता बघता त्यांतले काही स्वतःही रिकिबीत पाय घालू लागले. चाळिशी-पन्नाशीची, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी ही मंडळी. तीन-चार महिने जातात, कंबर कुरकुरू लागते, आणि मग प्रश्न येतो: "मॅडम, मालिश करून घेऊ, कायरोप्रॅक्टरकडे जाऊ, का तुमच्याकडे येऊ?" (कायरोप्रॅक्टर म्हणजे मणके आणि सांधे हाताने हालवून उपचार करणारा.)

मी स्वतः यातल्या एका बाजूची आहे, हे आधीच सांगते. तरीही माझं मत असं आहे की दारावरच्या पाटीने फारसा फरक पडत नाही. हाताने केलेल्या कुठल्याही उपचाराने मिळतो तो काही तासांचा, काही दिवसांचा आराम. त्या मोकळ्या दिवसांत तुमच्याकडून काय करून घेतलं जातं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हे नीट कळायला आधी घोड्याच्या पाठीवर आपल्या कंबरेचं काय होतं ते पाहू.

घोडा कदम चालतो तेव्हा त्याची पाठ डावी-उजवी, पुढे-मागे आणि थोडी वर-खाली अशी हलते. ज्या हाडांच्या वाटीवर आपण बसतो तो पेल्विस तिच्याबरोबर जवळजवळ तसाच हलतो, जसा आपण स्वतः पायी चालताना हलतो. म्हणून कदम चाल कंबरेला सहसा मानवते. दुडकीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, गोष्ट बदलते. पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरका मागचा पाय एकदम पडतात, मग दुसरी जोडी, आणि दर खेपेला घोड्याची पाठ आपल्याला वर उसळवते. राइजिंग ट्रॉटमध्ये आपण एका उसळीला उठतो आणि दुसरीला बसतो, त्यामुळे घोटे, गुडघे आणि खुबे बराचसा हिसका पचवतात. बसून दुडकी करताना मात्र ती सोय नसते. पेल्विसने दर उसळीबरोबर थोडं पुढे-मागे कलावं लागतं. खुब्याचे सांधे आणि पोटाचे स्नायू त्याला ते करू देत असतील तर कंबर झोका घेते. खुबे आखडलेले असतील तर तेवढीच हालचाल कंबरेच्या मणक्यांना करावी लागते, दर मिनिटाला शंभराहून जास्त वेळा.

आणि खुबे आखडतात ते घोड्यावर नव्हे, आठ तास खुर्चीत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त स्वारांच्या बाबतीत घोडा हा दुखण्याचा साक्षीदार असतो, गुन्हेगार नसतो. त्यातच 'मांड पक्की हवी' हे वाक्य नवा स्वार भलत्याच अर्थाने घेतो आणि मांड्या घट्ट आवळून बसतो. पक्की मांड तोलातून येते. आवळलेल्या मांड्या पेल्विसला जखडतात आणि सगळा हिसका वर कंबरेत पाठवतात. हे एकदा लक्षात आलं की पुष्कळांचं दुखणं उपचाराआधीच अर्धं होतं.

लोक सोबत एमआरआयची फाइल आणतात आणि त्यातल्या 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं) या शब्दांनी धास्तावलेले असतात. त्यांना मी एक आकडा सांगते. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि दुखत काहीच नव्हतं. अव्वल दर्जाच्या घोडेस्वारांचेही एमआरआय काढून पाहिले गेले आहेत. कंबरदुखी त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळली, पण स्वारीने गाद्या झिजतात असं ठामपणे म्हणता येईल इतकं त्यांत काही दिसलं नाही. बहुतेक कंबरदुखीत एकाच ठिकाणी बोट ठेवून 'हे बिघडलंय' असं दाखवता येत नाही. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. दुखणं आणि फोटो यांची सांगड मात्र सैल असते, हे ध्यानात ठेवायचं.

आता ज्या पाठीला कुणीच हात लावू नये, तिच्याबद्दल. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण चूक झाली तर ती इथेच होते.

घोड्यावरून पडलात आणि पाठ दुखते आहे, तर पहिली पायरी एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर. बसल्या अवस्थेत जमिनीवर आपटलं की छाती आणि कंबर यांच्या सांध्याजवळचा मणका दबून मोडू शकतो, आणि असा माणूस स्वतःच्या पायांनी चालत घरीही येऊ शकतो. अशा पाठीवर 'लचक काढतो' म्हणून कुणी गुडघा टेकवला तर काय होईल, याचा विचारही नको. वय जास्त असेल, हाडं ठिसूळ असल्याचं आधी कळलं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील, तर साध्या पडण्यालाही मोठंच समजावं.

दुसरी खूण घोडेस्वाराने विशेष जपून ओळखावी, कारण तिचं नावच आपल्या जिनावरून पडलेलं आहे. मणक्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा असतो. तो दाबला गेला तर जिनाला टेकणारा नेमका भाग, म्हणजे मांड्यांची आतली बाजू, गुप्तांगं आणि गुदद्वाराभोवतीची जागा, बधिर होतो. वैद्यकात याला सॅडल अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात. तासभर कडक जिनावर बसल्यावर थोडं बधिर वाटतं आणि उतरून चार पावलं चाललं की जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि धोका नेमका या ओळखीतच आहे. 'जिनामुळे असेल' म्हणून लोक दोन दिवस काढतात. उतरल्यावरही बधिरपणा तसाच राहिला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आला, तर त्याच रात्री एमवाय किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठायचं. हे काम तासांचं आहे. दिवस घालवले तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.

तिसरी खूण आपल्या देशात विसरून चालत नाही: मणक्याचा क्षय. बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि विश्रांतीनेही न कमी होणारी पाठदुखी असा मेळ जमला तर मालिश नको, तपासण्या हव्यात. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर नव्या पाठदुखीबाबत आधी त्याच डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते उपचार करणाऱ्याला सांगितल्याशिवाय पालथं झोपू नये. एक पाऊल लुळं पडत असेल, टाचेवर चालता येत नसेल, तरीही आधी डॉक्टर.

यातलं काहीच नसेल, आणि बहुतेकांना नसतं, तर मग हातांचा विचार.

हात नक्की काय करतात? 'मणका सरकला होता, जागेवर बसवला' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मणका असा सहजी सरकत नाही, आणि सरकलाच असता तर हाताने बसला नसता. 'कडक' आवाज हाडाचाही नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढून मोडताना त्याचं एमआरआयने चित्रण केलं आणि ती पोकळी तयार होताना पाहिली. आवाज आला किंवा न आला, आरामात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मज्जासंस्थेत. स्पर्श, दाब आणि ताण यांचे नवे संदेश पोचतात, राखणीला बसलेले स्नायू सैल होतात, मेंदू धोक्याची घंटा थोडी हळू वाजवतो. दुखणं खरोखर कमी होतं. हाडांची रचना होती तशीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रुग्णाला समजावून सांगणं, व्यायाम, मणक्यावरचे हस्तोपचार आणि मसाज यांना जागा आहे. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) रोजच्या उपचारात वापरू नका, असं त्यांत म्हटलं आहे. पट्टा बांधून स्वारी करणारे मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ब्रिटनच्या २०१६ च्या राष्ट्रीय सूचना आणखी स्पष्ट आहेत: हस्तोपचार द्यायचे असतील तर व्यायामासह द्या, एकटे नकोत. माझ्या अनुभवाला हे तंतोतंत पटतं.

आता कुणाकडे जायचं, हा मूळ प्रश्न. आपल्या घरांत कंबर धरली की 'उसण भरली' म्हणतात, आणि पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची रीत अजून आहे. माझ्या आजीचा यावर पूर्ण विश्वास होता, आणि तिला दर वेळी आराम पडायचाही. उसण बहुधा काही दिवसांत आपणहून ओसरते. त्या दिवसांत ज्याचा हात किंवा पाय लागला, त्याला श्रेय मिळतं. मी हे आजीला कमी लेखायला सांगत नाही. माझ्या टेबलावर बऱ्या होणाऱ्यांतही असे पुष्कळ असतात, आणि उपचार निवडणाऱ्याने ही गोष्ट मनाशी धरायला हवी. 'त्यांना तिथे एका बैठकीत बरं वाटलं' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मालिश साधी, स्वस्त आणि घोडेस्वाराला बहुधा सुखाची. मांड्यांचे, नितंबाचे, कंबरेचे थकलेले स्नायू तिने मोकळे होतात. मालिशवाल्याला मणक्यावर उभं राहू देऊ नये आणि कंबरेला पिळा देऊ देऊ नये, एवढी अट. आयुर्वेदातला अभ्यंग आणि कटिबस्तीही याच रांगेत येतात. कटिबस्तीत कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल साचवून ठेवतात. ऊब आणि स्वस्थ पडून राहणं यांनी दुखणं उतरतं, हे मी पाहिलं आहे. हे काम पदवीधर वैद्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावं. तेल जास्त तापलं तर कातडी भाजते, आणि मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल तर ते उशिरा कळतं.

कायरोप्रॅक्टिक आणि ऑस्टिओपथी या दोन्ही अमेरिकेत जन्मल्या. ऑस्टिओपथी अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली, कायरोप्रॅक्टिक डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये. ढोबळपणे, कायरोप्रॅक्टर सांध्याला झटक्याने हालवण्यावर भर देतो, ऑस्टिओपॅथ सगळं शरीर हळूहळू हाताळत जातो. प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो. काही देशांत हे कडक नियमांखाली चालणारे व्यवसाय आहेत. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी तशी सरकारी परिषद नाही, त्यामुळे चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि आठवड्याचं शिबिर केलेला, दोघांच्या दारावर सारखीच पाटी दिसू शकते. पदवी कुठली आणि किती वर्षांची, हे विचारायला संकोच करू नका. आणि तुम्ही कंबरेसाठी आला असाल तर मान झटक्याने वळवून घ्यायची गरज नाही. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका दुर्मिळ असला तरी खरा आहे.

फिजिओथेरपी २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत येते आणि पदवी तपासता येते, हा आमचा फायदा. पण आमच्यातही असे आहेत जे मशीन लावतात, पडदा ओढतात आणि वीस मिनिटांनी 'उद्या या' म्हणतात. तिथे ना हात लागतो ना व्यायाम मिळतो. अशा ठिकाणी जाण्यापेक्षा चांगला मालिशवाला परवडला.

काही वर्षांपूर्वी माझीच कंबर धरली, तेव्हा स्वतःवर उपचार नको म्हणून मी दुसऱ्या शहरात एकांकडे गेले. तपासणी दोन मिनिटांत उरकली. 'पेल्विस फिरलाय, एक पाय आखूड झालाय' असं सांगून वीस बैठकींचं पॅकेज समोर ठेवलं. मी घोड्यावर बसते, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. तिथून निघताना मला पहिल्यांदा कळलं की रुग्णाला तेव्हा काय वाटत असेल. स्वतःचं शरीर सदोष यंत्र वाटू लागतं आणि दुरुस्तीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. दुखण्याहून ती भीती मला जास्त दिवस पुरली. चालताना मी पाय मोजत होते.

म्हणून आता मला कुणी विचारलं, तर मी म्हणते: समोरचा काय विचारतो ते ऐका. कुठल्या चालीत दुखतं? चढताना, बसल्यावर की उतरल्यावर? दुसऱ्या दिवशी सकाळी? एकाच घोड्यावर की सगळ्याच? कपडे थोडे बाजूला सारून वाकायला, वळायला, एका पायावर उभं राहायला लावलं का? पायांची ताकद आणि संवेदना पाहिली का? हात लावण्याआधी काय करणार ते सांगून तुमची परवानगी घेतली का? मग तो काय सांगतो ते ऐका. 'हळूहळू हालचाल वाढवू' म्हणणारा बरा. 'स्वारी कायमची बंद' असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जाणार नाही. आगाऊ पॅकेज घेऊ नये. तीन-चार बैठकी पुरे. तेवढ्यात तुम्हाला जे करता येत नव्हतं, मोजे घालणं, गाडीत अर्धा तास बसणं, राइजिंग ट्रॉटची दोन चक्करं, त्यात फरक नसेल तर उपचार बदलायला हवा, मग तो माझाच का असेना. नवा उपचार झाला त्या दिवशी स्वारी करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

आणि आराम पडला की काम सुरू होतं. खुबे मोकळे करणं, नितंबाच्या स्नायूंना ताकद देणं, पोट आणि पाठ यांना बराच वेळ टिकून राहायला शिकवणं. दिवसाला पंधरा मिनिटं, पण रोज. घोड्यावर परतताना आधी कदम चालीत वीस मिनिटं. दोन-तीन दिवस ते मानवलं तर राइजिंग ट्रॉट. बसून दुडकी सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने सुरुवात करून परत आलेले लोक मी इतके पाहिले आहेत की आता मी हे चिठ्ठीवर लिहूनच देते.

जुन्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराला सरकारी मिळे. होळकरांच्या या शहरात क्लबमध्ये शिकणारे आपण बहुतेक बारगीर आहोत: घोडाही दुसऱ्याचा आणि जीनही. म्हणून आज कुठला घोडा, कुठलं जीन, उतरल्यावर किती दुखलं, एवढं एका वहीत टिपायला मी सांगते. महिन्याभरात त्यातून जे दिसतं, ते कुठल्याही टेबलावर पालथं झोपून दिसत नाही.

अशाच एका वहीवरून मागच्या हिवाळ्यात एक गोष्ट उलगडली. पन्नाशीतले एक गृहस्थ, कंबरेची उजवी बाजू दुखायची. मी हाताने मोकळी करायची, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. वहीत दिसलं की दुखणं एकाच घोड्यावर, एकाच जिनात उठतं. मी पागेत गेले. साईसाने जीन उतरवून घोड्याच्या पाठीवरचा घामाचा ठसा दाखवला: उजवीकडे एकसारखा ओला, डावीकडे मधोमध कोरडा चट्टा. जीन डावीकडे कललं होतं आणि तिथे जास्त दाबत होतं. हे गृहस्थ वर्षभर जमिनीवरूनच, नेहमी डाव्या रिकिबीवर सगळं वजन टाकून चढत होते. डाव्या रिकिबीचा पट्टा ताणून लांब झाला होता, जिनाच्या गादीतली डाव्या बाजूची भरण चेपली होती, आणि सरळ बसण्यासाठी त्यांची उजवी कंबर तासभर राबत होती. घोड्याची पाठही त्या चट्ट्यावर हात लावला की दबायची. जिनाची भरण नवी करून घेतली. पट्टे आता दर आठवड्याला डावे-उजवे बदलतात. ते स्वतः मैदानाच्या कडेच्या ओट्यावरून चढतात आणि माझ्याकडे महिन्यातून एकदा येतात, व्यायाम तपासून घ्यायला.